पिकवलेलं घड्याळ

विट्यात हल्ली मुलगा काय करतो हे नंतर विचारतात. आधी विचारतात, त्याचं घड्याळ किती आहे.

हे मनगटावरचं घड्याळ नव्हे. ते आता नवरदेव आणि तलाठी सोडले तर कुणी बांधत नाही. विचारतात ते आतलं. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका असतो. कधी झोपायचं, कधी उठायचं, ताप कधी चढायचा, भूक कधी लागायची, हे सगळं तो ठरवतो. बहुतेक माणसांत हा पुंजका थोडा आळशी असतो. त्याला अंधारात एकटं सोडलं तर त्याचा दिवस चोवीस तासांपेक्षा जरासा लांबतो. रोज सकाळचा उजेड डोळ्यांतून आत शिरतो आणि कान धरून त्याला जागेवर आणतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, रात्रीचा मागे ओढतो. घड्याळ पुढे असलेल्या माणसाचे डोळे सूर्याच्या आधी टक्क उघडतात. मागे असलेला माणूस दुसरा चहा होईपर्यंत फक्त कायद्याच्या दृष्टीने जागा असतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण एका कंपनीने 'घटिका' नावाचं यंत्र काढलं. बोटातला रक्ताचा एक थेंब दिला, की त्यातल्या दोन-तीन डझन रसायनांची चढउतार पाहून ते सांगतं, तुमचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या किती मिनिटं पुढे आहे किंवा मागे. यंत्र मुळात पोल्ट्रीवाल्यांसाठी बनवलेलं होतं, कोंबड्यांना दिवा किती द्यायचा ते ठरवायला. माणसं नंतर आली. मग कुठल्याशा विद्यापीठाने हजारो जोडप्यांचा अभ्यास करून जाहीर केलं, की घड्याळं जुळलेली जोडपी कमी भांडतात. पुढे कळलं की ती कमी भांडतात कारण दोघं एकाच वेळी झोपलेली असतात. पण तोवर शासन निर्णय निघाला होता, आणि तालुक्या-तालुक्यात कालमेळ केंद्रं उघडली होती.

विट्याच्या केंद्रात अन्विता साळुंखे तपासनीस होती. वय लग्नाचं, नजर फौजदाराची.

तपासनीस लागायचं कारण म्हणजे लोक. आंबा पावडर टाकून पिकवतात तशी विट्याने घड्याळं पिकवायला घेतली. मुलगी पुढची असेल आणि मुलगा मागचा, तर महिनाभर पहाटे त्याच्या तोंडावर लग्नमंडपातला फोकस मारायचा. मुलगा फोकसलाही उठत नसेल, तर मुलीलाच रोज झोपायच्या वेळी पांढऱ्याफटक दिव्याखाली उखाणे पाठ करायला बसवायचं. महिन्याभरात घड्याळ सरकायचं, आकडा जुळायचा, लग्न लागायचं. आणि फोकस मंडपवाल्याला परत गेला, की घड्याळ पुन्हा आपल्या मूळ गावी. पहिल्या दिवाळीला दोन्ही घरं एकमेकांना फसवणूक म्हणायची.

म्हणून नियम झाला. राहणी आणि आकडा जुळत नसेल तर ते पिकवलेलं. लाल शिक्का मारायचा आणि दोन वर्षं नोंदणी बंद. अन्विताला पिकवलेलं घड्याळ दहा फुटांवरून ओळखू यायचं, असं तीच सांगायची. केंद्रप्रमुख दौंडे सर तिच्यावर खूश होते. "संशय ही आपली शैक्षणिक पात्रता," ते म्हणायचे आणि पुन्हा डुलकी काढायचे. त्यांचं स्वतःचं घड्याळ कुणी काढलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पिकवलेल्यांचं अमाप पीक आलं. भाळवणीचा पैलवान यशराज आला. चारला उठून तालमीत जातो म्हणाला. यंत्राने त्याला मागे दाखवलं. त्याची ठरलेली मुलगी रुग्णालयात उशिराच्या पाळीला होती, तिचंही घड्याळ मागे.

"पैलवान, रात्री मोबाईल किती वेळ बघता?" अन्विताने विचारलं.

"मॅडम, माझ्याकडं बटणाचा हाय. वस्ताद दुसरा वापरू देत न्हाईत."

"मग दिव्याखाली बसता. मुलीचं मागे आहे, म्हणून तुम्ही तुमचं ओढलंत."

"आईशप्पथ न्हाई ओ."

"सगळे हेच म्हणतात," म्हणत तिने शिक्का मारला. पैलवान दाराच्या चौकटीत मावत नव्हता. जाताना तो मावला.

यंत्र बरोबर आहे की नाही ते पाहायची एक रीत होती. कंपनी त्यासाठी रक्ताची प्रमाण-कुपी पाठवायची, पण सांगलीहून विट्याला येईपर्यंत उन्हात ती नासायची. तेव्हा दौंडे सरांनी तोड काढली. पुण्याच्या प्रशिक्षणात तपासनिसाला मंद उजेडाच्या खोलीत ठेवून त्याचं घड्याळ कायमचं पक्कं मोजलेलं असतं. अन्विताचं निघालं होतं चाळीस मिनिटं मागे. मग दर सोमवारी तिने आपलाच थेंब यंत्राला द्यायचा. चाळीस मागे आलं तर यंत्र ठीक. नाही आलं तर चाळीसवर येईपर्यंत यंत्राची कळ फिरवायची.

उन्हाळा लागल्यापासून यंत्र वाह्यातपणा करत होतं. दर सोमवारी तिला थोडं पुढे दाखवायचं, आणि ती कळ थोडी मागे फिरवायची. उष्णतेने आतलं काहीतरी फुगत असणार. यंत्रच चुकतंय हे नक्की होतं, कारण अन्विता चुकणं शक्य नव्हतं.

घरी आईचं वेगळंच चाललं होतं. तिने स्वयंपाकघरातल्या चहाच्या टेबलावर लख्ख पांढरा दिवा लावून घेतला होता. "डाळीतले खडे दिसत नाहीत," म्हणाली. उठल्या-उठल्या अन्विताला ती गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला पिटाळायची. संध्याकाळी मात्र घरभर मिणमिणते पिवळे बल्ब, डोळ्यांना थंड म्हणून. अन्विताला हल्ली गजराआधीच जाग यायची. लग्नाच्या काळजीने असेल, असं तिला वाटायचं. चाळीस मागे हा आकडा पाहून तीन स्थळांनी फोन उचलणं बंद केलं होतं.

चौथं स्थळ केंद्रात स्वतःच्या पायांनी आलं.

"शिवेंद्र लेंगरे," तो म्हणाला. "लेंगरे पोल्ट्री. तुमच्या मामांनी माझं तुमच्याकडे सांगितलंय. आधी घड्याळ काढून या म्हणाले."

अन्विताने त्याला आपादमस्तक पाहिलं. बाहीला कोंबडीचं एक पीस चिकटलं होतं. संशयास्पद.

"किती वाजता उठता?"

"पावणेचार."

"रोज?"

"कोंबड्यांना रविवार नसतो."

त्याने बोट पुढे केलं. यंत्राने थेंब घेतला, जरा गुरगुरलं आणि आकडा दाखवला. चाळीस मिनिटं मागे.

तिने आकडा पुन्हा वाचला. तो तिचाच आकडा होता, एका मिनिटाचाही फरक नाही. खरी घड्याळं अशी जुळत नाहीत. सख्ख्या भावांची जुळत नाहीत. आणि पावणेचारला उठणारा, दिवसभर राबणारा पोल्ट्रीवाला मागे कसा? तिचा आकडा मामाने त्याला सांगितलेला असणार. याने महिनाभर दिव्याखाली बसून स्वतःला तिच्या आकड्यापर्यंत ओढत आणलं होतं.

"जुळलं का?" शिवेंद्रने विचारलं.

"फारच," ती म्हणाली.

शिक्का हाताशी होता. पण एवढ्या सफाईने पिकवलेलं घड्याळ तिने आजवर पाहिलं नव्हतं. नुसता शिक्का मारून भागणार नव्हतं. त्याला त्याच्या दिव्यासकट पकडायला हवं होतं.

"आधी राहणीची पाहणी करावी लागेल," ती म्हणाली. "तुमच्या घरी येऊन."

तो जरा विचारात पडला. "म्हणजे तुम्ही मला बघायला येणार?"

"पाहणीला."

"कांदेपोहे करायचे का पाहणीला?"

मायणी रस्त्याला लेंगऱ्यांचं घर, मागे लांबलचक बंद शेड. अन्विता आईला घेऊन गेली. पिशवीत फिरत्या तपासणीचा डबा होता, म्हणजे केंद्रातलं तेच यंत्र, पट्टा लावून. पाहायला मुलगी आली असल्यामुळे चहाचा ट्रे शिवेंद्रच्या हातात आला, आणि खाली बघायचं की समोर, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्याची मालन आत्या घर चालवायची. शिवेंद्रला आईवडील नव्हते, आत्याला मूल नव्हतं, आणि दोघांच्या वाट्याला आठ हजार कोंबड्या होत्या.

"आमच्या शिवाचं घड्याळ म्हंजे एकदम खणखणीत," आत्या म्हणाली. "गेल्या साली कराडला काढलं. वीस मिनिटं पुढं! तिथला मास्तर म्हणला, बाई, असलं घड्याळ हल्ली मिळत न्हाई."

आईला चहाचा ठसका लागला. मग ती ताटलीतल्या चिवड्यातले शेंगदाणे फार लक्ष देऊन निवडू लागली.

अन्विताचं आईकडे लक्ष नव्हतं. वीस पुढे होता तो वर्षात चाळीस मागे. पुरा एक तास. आत्याने कबुलीजबाब चिवड्याबरोबर वाढला होता.

"मला शेड बघायचीय," ती उठत म्हणाली.

शेडच्या दारात जंतुनाशकाचा उथळ हौद होता. त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नव्हता, पाहणीवाल्यालाही नाही. आत पिंजऱ्यांच्या रांगा, वर ओळीने दिवे, आणि हजारो कोंबड्यांचं एकाच वेळी चाललेलं पुटपुटणं, जणू सगळ्या कुणाबद्दल तरी बोलत होत्या आणि ते कुणीतरी नुकतंच आत आलं होतं.

"दिवा कुठेय?" अन्विताने विचारलं.

शिवेंद्रने वर बोट दाखवलं. "दीडशे आहेत. कुठला पाहिजे?"

"थट्टा नको. संध्याकाळी कुठल्या दिव्यात बसता?"

"आठला शेडचे दिवे बंद होतात, साडेआठला मी."

"कराडला वीस पुढे होता. विट्यात चाळीस मागे. तासभराचा प्रवास घड्याळाने कुठल्या एसटीने केला?"

"ते तुम्ही सांगा. यंत्र तुमचं."

"आकडा खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतोय."

"तुमचं रक्त बोललंय. तुम्ही नुसते त्याचे मालक."

शिवेंद्र काही वेळ तिच्याकडे पाहत राहिला. रागावलेला दिसला नाही. आजारी कोंबडी कुठली ते रांगेत शोधावं, तसं बघत होता. मग त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं, एक तांबडी कोंबडी काढली आणि काखेत धरली.

"हिला विचारा," तो म्हणाला. "हिला तुमच्याशी लग्न करायचं नाहीये."

"मूर्खपणा आहे हा."

"तुमच्या डब्यावर पक्ष्याचं बटण आहे. कोंबडीची सकाळ किती वाजता होते ते सांगतं. दिवे चारला लागतात, आठला जातात. सकाळ दिवाच करतो, यांनी सूर्य पाहिलेला नाही. टायमर पंधरा मिनिटं इकडचा तिकडे झाला तरी या संप करतात, म्हणून सहा वर्षं मी त्याला हात लावलेला नाही. हिची सकाळ चारलाच यायला पाहिजे. चार आली तर यंत्र खरं, मी खोटा. मारा शिक्का."

अन्विताने रागारागाने पट्टा उघडला. कोंबडी प्रामाणिक असते. तिचा बायोडाटा नसतो, तिला मामा नसतो, तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून कुणी रात्रभर जागत नाही. शिवेंद्रने पंख उचलून धरला, अन्विताने पंखाखालच्या शिरेतून थेंब घेतला. यंत्र गुरगुरलं. अनेक वर्षांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखं जरा जास्तच गुरगुरलं.

सकाळ, पाच वाजता.

"ही बिघडलीय," अन्विता म्हणाली.

त्याने दुसरी दिली. पाच. तिसरी दिली. पाच. शेवटच्या रांगेतली एक म्हातारी, पिसं झडलेली कोंबडी होती, तिच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती. तिचीही पाच.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, लेंगरे पोल्ट्रीतल्या आठ हजार कोंबड्यांनी संगनमत करून आपली घड्याळं तासभर मागे पिकवली होती. अन्विताने या शक्यतेचा, तिचं श्रेय तिला द्यायला हवं, प्रामाणिकपणे विचार केला.

मग ती अंड्यांच्या पालथ्या ट्रेच्या थप्पीवर बसली.

यंत्र सगळ्यांना तासभर मागे दाखवत होतं. हा तास यंत्रात आला कुठून? तिनेच घातला होता. दर सोमवारी, थोडा थोडा, कळ फिरवून. यंत्र दर आठवड्याला सांगत होतं की बाई, तू पुढे सरकतेस. आणि ती दर आठवड्याला त्याचा कान पिरगाळत होती. यंत्रात काही फुगलं नव्हतं. तीच सरकली होती. चाळीस मागेवरून, पुरा तास, वीस पुढे.

चहाच्या टेबलावरचा पांढरा दिवा तिच्या डोळ्यांसमोर आला. पाठोपाठ गच्चीवरच्या कुंड्या. पाठोपाठ पिवळे बल्ब.

"तुमचं वीस पुढेच आहे," ती सावकाश म्हणाली. "कराडचा माणूस बरोबर होता."

"आणि तुमचं?"

तिने यंत्राचा पट्टा आवळला. कोंबड्या पुटपुटत राहिल्या. त्यांचं आधीपासूनच हे मत असावं.

घरी पोचल्यावर ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि पांढऱ्या दिव्याखाली उभी राहिली.

"आई, डाळीत खडे किती निघाले गं महिन्याभरात?"

आईने पदर खोचला. खोटं बोलायचं की नाही, हे ठरवायला तिला पदर खोचावा लागायचा. "मामाने त्याचं कराडचं घड्याळ मला आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "वीस पुढे. तुझं चाळीस मागे. मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"तुला हे सगळं जमलं कसं? कुठला दिवा, किती वेळ..."

"तूच तर सांगायचीस जेवताना! आज अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं, सकाळी उजेड दिला की पुढे सरकतं, संध्याकाळी दिला की मागे. तीन वर्षं ऐकतेय. मला आता डिग्री द्यायला पाहिजे."

"आई, हा गुन्हा आहे."

"लोक पोरींच्या जन्मतारखा बदलतात. मी नुसता बल्ब बदलला." मग तिचा आवाज उतरला. "तीन जणांनी फोन उचलला नाही अनू. आकडा ऐकून. तुला पाहिलंसुद्धा नाही कुणी."

अन्विता खुर्चीवर बसली. आई तिच्यासमोर बसली आणि मुद्द्यावर आली. "आता त्याचं वीस पुढे, तुझंही वीस पुढे. जुळलंच की खरंखुरं. आणि केंद्रातल्या कागदावर दोघांचं चाळीस मागे. तिथेही जुळलं! कळ हळूहळू जागेवर आण, कुणाला पत्ता लागत नाही. लग्नानंतर दिवा मी तुला आंदण देते."

यात काहीच चूक नव्हती, हीच अडचण होती. गप्प बसलं तर लग्न, नोकरी, अब्रू, सगळं जागच्या जागी. फक्त भाळवणीला एक पैलवान होता, आणि त्याच्यासारखे आणखी कितीतरी. त्यांची घड्याळं खरी होती, आणि त्यांच्यावर लाल शिक्का होता. तालुक्यात पिकवलेलं घड्याळ एकच होतं, आणि शिक्का त्याच घड्याळाच्या हातात होता.

ती आधी भाळवणीला गेली. यशराज तालमीच्या ओट्यावर बसला होता. तिने सगळं सांगितलं. यंत्र चुकलं नव्हतं, मीच चुकले, म्हणाली. शिक्का निघेल, मुलीच्या घरी मी स्वतः जाऊन सांगते, म्हणाली.

पैलवानाने शांतपणे ऐकून घेतलं. "ते बरं झालं मॅडम," तो म्हणाला. "पर आता काढलं तर खरंच मागं निघंल. तुम्ही तसं म्हणल्यापास्नं रातच्याला झोप येत न्हाई. पडून बघत बसतो, मी खोटा हाय का काय."

त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. तिला तपासणीत उपयोग होईल म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेवर अन्विताला ते वाक्य कुठल्याच आकड्यात बसवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दौंडे सरांना उठवलं, हकीकत सांगितली, आणि त्यांच्या देखत स्वतःच्या नोंदणीवर लाल शिक्का मारला. पिकवलेलं. दोन वर्षं नोंदणी बंद.

"अहो, पण तुम्हीच तर प्रमाण नमुना!" दौंडे सर म्हणाले. त्यांना पहिल्यांदाच पूर्ण जाग आली होती.

चौकशी समिती आली. तिने जेवण केलं, यंत्र पाहिलं आणि ठरवलं, की सर्व काही पद्धतीनुसार झालं आहे, सबब दोषी पद्धत आहे. त्या महिन्यांतले सगळे शिक्के रद्द झाले, फक्त अन्विताचा स्वतःचा राहिला, कारण ते घड्याळ खरंच पिकवलेलं होतं. अन्विता पैलवानाच्या ठरलेल्या सासरी दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा चहा दिला. आणि यापुढे यंत्राची खात्री माणसाच्या रक्तावर करू नये, माणूस घरी राहतो आणि घरात आई असते, असा शेरा मारून समितीने विट्याच्या केंद्रात एक कोंबडी नेमली.

कोंबडी लेंगरे पोल्ट्रीतून आली. तिच्यासाठी मागच्या खोलीत पिंजरा, टायमर, दिवा आणि दाराशी जंतुनाशकाचा हौद झाला. कागदोपत्री ती 'प्रमाण पक्षी'. शिपाई तिला मॅडम म्हणू लागला, आणि अन्विताला नुसतं ताई. नोंदणीला आलेली मंडळी आत जाण्याआधी पिंजऱ्याला नमस्कार करू लागली. एका वऱ्हाडाने तर हळदकुंकू वाहिलं. दर सोमवारी तिचा थेंब घ्यायचा, सकाळ चारला आली की यंत्र खरं. मॅडम एकदाही चुकल्या नाहीत. अंडं दौंडे सर घरी न्यायचे.

आईने पांढरा दिवा काढला आणि रागाने माळ्यावर टाकला. अन्विताचं घड्याळ आठवड्या-आठवड्याने उतरत पुन्हा चाळीस मागेवर येऊन बसलं. सकाळी ती पुन्हा फक्त कायद्याच्या दृष्टीने जागी असायची. तिला ते बरं वाटलं.

शिवेंद्र दर सोमवारी कोंबडीचं खाद्य घेऊन यायचा. एक कोंबडी आठवडाभरात एवढं खाद्य खात नाही, हे अन्विताला ठाऊक होतं. तिने मनात नोंद केली.

"आलोच आहे तर माझंही बघा की," एका सोमवारी तो म्हणाला आणि बोट पुढे केलं. वीस पुढे.

पुढच्या सोमवारी बारा पुढे निघालं. मग पाच. मग भिंतीच्या घड्याळाशी बरोबर. मग मागे.

मॅडमची सकाळ चारचीच होती. यंत्र ठीक होतं.

"तब्येत बरी आहे ना?" अन्विताने विचारलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एकदम."

"संध्याकाळी दिव्यात बसता?"

"छे."

"साडेआठला झोपता?"

"म्हणजे काय."

"आणि पावणेचारला कोंबड्या कोण बघतं?"

"आत्या," तो म्हणाला, आणि मग आपण फार बोललो असं त्याला वाटलं. "ती म्हणते, माझं घड्याळ कुणी विचारत नाही, मला काय."

अन्विताने यंत्राचं झाकण बंद केलं. आकडा चाळीस मागेच्या फार जवळ आला होता. मागच्या वेळी हाच आकडा तिच्यासमोर आला तेव्हा तो माणूस खरा होता आणि तिने त्याला खोटा ठरवलं होतं. या वेळी तो धडधडीत खोटं बोलत होता. राहणी आणि आकडा जुळत नव्हते, पुरावा होता, यंत्र निर्दोष होतं, कोंबडी साक्षीला होती. नोकरी लागल्यापासून तिच्या हाती लागलेलं हे पहिलं शंभर टक्के खात्रीचं पिकवलेलं घड्याळ होतं.

तिने शिक्का काढला, शाईच्या गादीवर नीट दाबला, त्याचा हात ओढून घेतला आणि मनगटावर मारला, लोक पूर्वी घड्याळ बांधायचे तिथे.

शिवेंद्रने हात उलटासुलटा करून वाचलं. "म्हणजे माझीही दोन वर्षं नोंदणी बंद?"

"नियम आहे."

"दुसरं स्थळ बघता येणार नाही?"

"नाही."

"आणि तुम्हालाही?"

"मलाही नाही."

"मग काय," तो म्हणाला. "दोन वर्षं चहाच प्यायचा."

आतल्या खोलीत कोंबडी काहीतरी पुटपुटली. नेमकं हेच साधायला तो आठवडेच्या आठवडे बोट पुढे करत होता, असा अन्विताला दाट संशय आला. तिने तो तपासला नाही. ती उठली आणि शिपायाला दोन चहा सांगितले.